एक लेखक, तीन साक्षीदार: एडवर्ड्सचं मुंबई पोलिसांवरचं पुस्तक कसं वाचायचं

मुंबईतल्या गुन्हेगारीवर किंवा पोलिसांवर कुठलाही प्रबंध उघडा, पहिल्या काही तळटिपांतच एक नाव भेटतं: एस. एम. एडवर्ड्स. पुस्तक 'द बॉम्बे सिटी पोलीस: अ हिस्टॉरिकल स्केच, १६७२–१९१६', प्रकाशन १९२३. आता ते इंटरनेटवर फुकट मिळतं, फार जाड नाही, भाषा सोपी आहे. साहजिकच सिनॉप्सिस लिहिणाऱ्याच्या हाताला सगळ्यात आधी तेच लागतं आणि प्रबंधाचं 'ऐतिहासिक पार्श्वभूमी' नावाचं प्रकरण त्याच्यावरच उभं राहतं.

एडवर्ड्स १९०९ ते १९१६ या काळात मुंबईचा पोलीस कमिशनर होता, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून सगळे एक वाक्य टाकतात: 'अर्थात हे लेखन वसाहतवादी दृष्टिकोनातून झालेलं आहे.' पोथीवर हळदकुंकू वाहावं तसं हे वाक्य वाहिलं जातं आणि मग पुढची तीस पानं त्याच पोथीतून उतरवली जातात. सनावळी त्याची, प्रसंग त्याचे, 'गुन्हे वाढले' हा निष्कर्षही त्याचाच. त्याची मतं पूर्वग्रहदूषित आहेत हे ओळखायला संशोधक लागत नाही, बारावीचा विद्यार्थीही ते सांगेल. अडचण मतांच्या खाली आहे. ती पुस्तकाच्या मांडणीत आहे, आकड्यांत आहे, आणि एकच माणूस किती ठिकाणी बसून बोलतो आहे यात आहे.

आधी त्याला त्याचं श्रेय देऊ. आँजियरच्या काळातल्या भंडारी मिलिशियापासून पहिल्या महायुद्धापर्यंतचा सलग पट मांडणारं दुसरं पुस्तक त्या वेळी नव्हतं. आपल्याच खात्याची लाज झाकायचा प्रयत्नही तो दर वेळी करत नाही. जेम्स टॉड या अठराव्या शतकातल्या पोलीस अधिकाऱ्यावर १७९० मध्ये भ्रष्टाचाराचा खटला चालला, हे तो सरळ सांगतो. आता जुन्या पापांबद्दल मोकळेपणाने बोलणं सोपं असतं, ते पाप दुसऱ्याच्या कारकिर्दीतलं असलं की आणखीच सोपं. तरी सांगतो, एवढं खरं.

पण अनुक्रमणिका बघा. सुरुवातीची दोन प्रकरणं सोडली तर पुढचं प्रत्येक प्रकरण एका साहेबाच्या नावावर आहे: फोर्जेट, सूटर, विल्सन, व्हिन्सेंट, केनेडी, जेल, आणि शेवटी स्वतः एडवर्ड्स. म्हणजे शहराचा इतिहास कमिशनर बदलला की कूस बदलतो. १८९६ मध्ये प्लेग आला, लाखो माणसं पळाली, गिरण्या रिकाम्या पडल्या, आणि या पुस्तकात तो व्हिन्सेंटच्या कारकिर्दीतला एक अडचणीचा प्रसंग होऊन येतो. तुमच्या प्रबंधाचा कालखंड '१८६४ ते १९१६' असा असेल तर स्वतःला विचारा, १८६४ का? उत्तर 'त्या वर्षी सूटर कमिशनर झाला' एवढंच असेल तर कालखंड तुम्ही निवडलेला नाही, एडवर्ड्सने निवडून दिला आहे.

त्रिकोण की एकच बिंदू

संशोधन पद्धतीच्या तासाला आपल्याला शिकवतात की एका साधनावर विसंबू नका, किमान तीन स्वतंत्र साधनं ताडून बघा. मुंबईच्या बाबतीत विद्यार्थी प्रामाणिकपणे तसं करतात. लोकसंख्येसाठी १९०१ ची जनगणना घेतात, शहराच्या सर्वसाधारण माहितीसाठी १९०९–१० चं तीन खंडांचं गॅझेटियर, आणि पोलिसांसाठी १९२३ चं हे पुस्तक. तिघांचं एकमेकांशी छान जुळतं. गाइडही खूश, रेफरीही खूश.

जुळणारच. १९०१ च्या मुंबई शहराच्या जनगणनेचं काम एडवर्ड्सकडे होतं. त्या अहवालातला इतिहासाचा भाग पुढे 'द राइज ऑफ बॉम्बे' म्हणून वेगळा छापला गेला, तोही त्याचाच. गॅझेटियरचा संकलक एडवर्ड्स. गल्लीबोळांची रंगतदार शब्दचित्रं असलेलं 'बायवेज ऑफ बॉम्बे' (१९१२) एडवर्ड्सचं, आणि 'क्राइम इन इंडिया' (१९२४) सुद्धा एडवर्ड्सचं. कोर्टात एकाच माणसाने तीन वेगवेगळे डगले घालून तीनदा साक्ष दिली तर न्यायाधीश ती तीन साक्षी धरणार नाही. आपण धरतो, कारण कव्हरवर एका ठिकाणी 'सेन्सस' लिहिलंय, दुसऱ्या ठिकाणी 'गॅझेटियर'.

याचा अर्थ त्याने आकडे रचले असा होत नाही. पण शहरातल्या कुठल्या जमातीला काय म्हणायचं, कुठल्या मोहल्ल्याला 'दंगेखोर' ठरवायचं, पठाण, सिद्दी, जुलाहे यांचं वर्णन कोणत्या विशेषणांनी करायचं, हे साचे एकाच डोक्यात तयार झाले. एका पुस्तकातून दुसऱ्यात गेले आणि आज तीन 'स्वतंत्र' साधनांतून तुमच्या प्रबंधात उतरतात. साधनांची यादी करताना शीर्षकांशेजारी एक रकाना लेखकाचा आणि एक रकाना 'त्याने हे कुठून घेतलं' याचा ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे. अर्धा इतिहास त्या रकान्यात उघडा पडतो.

आकडा कुठून येतो

'लोकसंख्येच्या मानाने गुन्हे वाढले' किंवा 'घटले' हे वाक्य आपल्याला फार आवडतं. त्याला दोन आकडे लागतात, वरचा आणि खालचा. आधी खालचा बघू. मुंबईची लोकसंख्या १८९१ ला ८,२१,७६४ होती, १९०१ ला ७,७६,००६. १९०६ मध्ये नगरपालिकेने वेगळी मोजणी केली, ती ९,७७,८२२ आली. १९११ ला ९,७९,४४५. आता १९०१ ची मोजणी मार्चच्या पहिल्या दिवशी झाली, प्लेगच्या ऐन हंगामात, लोक गावी पळालेले असताना. समजा एखाद्या वर्षी आठ हजार गुन्हे नोंदले गेले (हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे). १९०१ च्या लोकसंख्येने भागलं तर हजारी सुमारे १०.३ येतात. १९०६ च्या आकड्याने भागलं तर ८.२. एकही चोर पकडला न जाता, एकही चोरी न थांबता, गुन्हेगारी पाचव्या हिश्श्याने खाली आली. शिवाय हे बंदर. खलाशी, हाजी, पावसाळ्यात गावी जाणारे गिरणी कामगार, होळी-गणपतीला रिकामं होणारं शहर. कुठल्या दिवशीच्या मुंबईने भागायचं?

वरचा आकडा याहून निसरडा. फिर्याद येते, शिपाई ती घेतो किंवा पिटाळून लावतो, घेतली तर ठाण्यावर नोंद होते. मग ती खरी, खोटी की गैरसमजातून आलेली असं वर्गीकरण होतं, मग कोर्ट. वार्षिक पोलीस अहवालातला आकडा या चाळणीच्या शेवटी उरलेला असतो. कमिशनरने ठाण्यांना 'फिर्यादी टाळू नका' असा दम दिला की त्या वर्षी गुन्हे 'वाढतात'. म्हणून आलेखात उसळी दिसली की आधी शहरात काय घडलं ते शोधायच्या ऐवजी ठाण्यात काय बदललं ते शोधा.

कधी कधी बदल ठाण्यातही नसतो, कायद्यात असतो. माझं आवडतं उदाहरण पावसाच्या सट्ट्याचं. पावसाळ्यात मुंबईत लोक पैसे लावायचे: ठरलेल्या वेळात पन्हळीतून पाणी वाहण्याइतका पाऊस पडेल की नाही. १८८७ मध्ये जुगारबंदीचा कायदा झाला, पण पाऊस काही फासे किंवा पत्त्यांसारखं जुगाराचं साधन नव्हे, म्हणून हे प्रकरण हायकोर्टात त्या कायद्यात बसलं नाही. मग १८९० मध्ये कायदाच बदलला. तेच लोक, तीच पन्हळ, तोच आषाढ. आदल्या पावसाळ्यात शौक, पुढच्या पावसाळ्यात गुन्हा. एडवर्ड्सच्या कथनात असे प्रसंग पोलिसांनी एका दुर्गुणावर मिळवलेला विजय म्हणून येतात. तुमच्या कथनात ते कसे यावेत हा प्रश्न तुमचा आहे, पण 'जुगाराचे गुन्हे' नावाच्या रकान्याची व्याख्या मध्येच बदलली एवढं तरी तळटिपेत हवं.

फोर्जेटची दाढी

चार्ल्स फोर्जेटची गोष्ट मराठीत किती वेळा छापून आली असेल! हिंदुस्थानात वाढलेला, इथल्या भाषा सहज बोलणारा, वेष पालटून शहरात फिरणारा पोलीस अधिकारी. १८५७ मध्ये सोनापूर भागात गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपायांच्या गुप्त बैठका होत. फोर्जेटने गंगाप्रसादला धाकात घेतलं, मरीन बटालियनच्या मेजर बॅरोला सोबत नेलं आणि लपून सगळं ऐकलं. ऑक्टोबरात दोघांना एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी दिलं.

ही गोष्ट एडवर्ड्सकडे आहे, म्हणून ती आपल्या लेखांत आहे. एडवर्ड्सकडे ती कुठून आली? मुख्यतः फोर्जेटच्याच 'अवर रियल डेंजर इन इंडिया' या पुस्तकातून, जे १८७७ मध्ये आलं. म्हणजे प्रसंगानंतर वीस वर्षांनी, नोकरी संपल्यावर, विलायतेत बसून, 'मुंबई मी वाचवली' हे वाचकांना पटवून देण्यासाठी लिहिलेलं. बैठका झाल्याच नाहीत असं मी म्हणत नाही. दोन माणसांचा जीव गेला, ते तर सरकारी दप्तरात आहे. पण वेषांतर, कान लावून ऐकणं, एकट्याने शहर तारणं, हा जो नाटकी भाग आपल्याला आवडतो त्याचा साक्षीदार म्हणजे गोष्टीचा नायक स्वतः. पुढे प्रत्येकाने आधीच्याचा हवाला दिला आणि साखळी लांबली म्हणून पुरावा वाढल्यासारखा वाटू लागला.

अशा वेळी त्याच काळातलं, पोलीस खात्याबाहेरचं काही शोधायचं. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ मध्ये छापून आलं, फोर्जेट अजून मुंबईत असताना. माडगावकरही इंग्रजी अमलाचं कौतुक करणारेच आहेत, त्यांना बंडखोर समजून वाचू नका. पण त्यांचं कौतुक रस्त्यावरून चालणाऱ्या मराठी माणसाचं आहे, खात्याचा गौरवग्रंथ लिहिणाऱ्याचं नाही. शोधनिबंधासाठी हा फरक सोन्यासारखा आहे. आणि मराठीत शोध करणाऱ्यांनी माडगावकर इंग्रजी अनुवादातून उद्धृत करू नयेत ही आपली एक बारीकशी तक्रार इथेच नोंदवून ठेवतो.

लेखक स्वतः पात्र होतो तेव्हा

पुस्तकातलं शेवटचं प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिथे एडवर्ड्स एडवर्ड्सबद्दल लिहितो. त्यातला मोहरमचा भाग नीट वाचा.

एकोणिसाव्या शतकातला मुंबईचा मोहरम म्हणजे मोहल्ल्यामोहल्ल्यांचे ताबूत आणि रात्रीच्या टोळ्या. 'टोळी' हा त्यांचाच शब्द: ढोल-ताशे, मशाली घेऊन दुसऱ्याच्या मोहल्ल्यातून मिरवत जाणारी पोरं. त्यात चढाओढ होती, मारामाऱ्या होत्या, आणि हिंदूंचा सहभागही असे. १९११ च्या मोहरमात दंगल होऊन गोळीबारापर्यंत वेळ आली. पुढच्या मोहरमला एडवर्ड्सने मिरवणुकांवर कडक नियम लादले, त्यानंतर टोळ्या आणि ताबुतांची जुनी मिरवणूक मोडली, आणि त्या जागी मशिदी-मोहल्ल्यांतून होणाऱ्या वाझला, म्हणजे प्रवचनांना, उत्तेजन मिळालं. पुस्तकात हे एका जुन्या दुखण्यावरचं यशस्वी ऑपरेशन आहे. टोळीवाले गुंड, पाठिंबा देणारे शेठ समंजस, कमिशनर दूरदर्शी.

जिम मसेलॉसने १९८२ च्या लेखात हाच मोहरम घेतला आणि प्रश्न उलटा केला: टोळी कोणासाठी काय होती? मग दिसतं की ती गरीब मोहल्ल्यांची शहरावर हक्क सांगायची पद्धत होती, वर्षातल्या दहा रात्रींपुरती का होईना. प्रतिष्ठित शेठांनाही ती नको होती, पोलिसांनाही नको होती. दोघांचं जमलं आणि एक सण बदलला. गंमत अशी की मसेलॉसकडची बरीचशी माहिती एडवर्ड्सच्या जगातलीच आहे. साधन बदललं नाही, विचारलेला प्रश्न बदलला. म्हणून एडवर्ड्स टाकून द्या असं मी कधीच म्हणणार नाही. नियम जारी करणाऱ्याने स्वतः लिहिलेली हकिकत किती वेळा मिळते? ती शहराचं वर्णन म्हणून वाचू नका, एका पक्षकाराची कैफियत म्हणून वाचा.

बंदर कुठे आहे?

आणि आता माझी खरी कुरकुर. हे बंदराचं शहर आहे. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक, १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक. तरी पुस्तकातल्या गुन्हेगारीचा नकाशा काढला तर तो भेंडी बाजार, कामाठीपुरा आणि गिरण्यांभोवती दाट होतो आणि पूर्वेकडच्या धक्क्यावर येता येता विरळ.

बंदरावर गुन्हा म्हणजे काय हेच वेगळं असतं. खलाशी ठरल्या मुदतीआधी जहाज सोडून पळाला तर तो गुन्हा. उचल घेतलेला कारागीर काम टाकून गेला तर १८५९ च्या करारभंगाच्या कायद्याने तोही गुन्हा. म्हणजे नोकरी सोडणं हाच अपराध, आणि फिर्यादी म्हणजे मालक. कोकेन आलं ते जहाजांनीच. जेम्स मिल्सने २००७ च्या लेखात विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कोकेन व्यापाराचा माग काढला आहे, तो बंदरातून शहरात कसा उतरायचं हे समजायला वाचाच. शिवाय गोरे भटके: काम सुटलेले खलाशी, रेल्वेतून काढलेले, दारूपायी रस्त्यावर आलेले युरोपियन. त्यांच्यासाठी १८६९ आणि १८७४ मध्ये खास कायदे झाले, कारण भीक मागणारा गोरा माणूस राज्याच्या इभ्रतीला परवडत नव्हता. अरविंद गणाचारी आणि हाराल्ड फिशर-टिने यांनी यावर लिहिलं आहे. एडवर्ड्सच्या 'धोकादायक' लोकांच्या यादीत जमातींची नावं भराभर येतात, पण गोरा खलाशी त्या यादीत बसवायला त्याचा हात जड होतो.

नंतरच्या अभ्यासकांनी ही पोकळी भरली का? थोडीफार. राजनारायण चंदावरकरांनी दाखवलं की पोलीस शहरावर सर्वव्यापी सत्ता गाजवत नव्हते, गल्लीतल्या दादा-मुकादमांशी जुळवून घेऊन, निवडक ठिकाणी दंडुका उगारून काम भागवत होते. प्रशांत किदंबींनी १८९३ ची दंगल आणि प्लेग यांच्यानंतर ही घडी कशी बदलली ते दाखवलं. अश्विनी तांबे यांनी 'कोड्स ऑफ मिसकंडक्ट' (२००९) मध्ये वेश्यावस्तीवरचं नियंत्रण घेतलं. युरोपियन कुंटणखाने पोलिसांनी का चालू दिले, वंशाची कुंपणं शाबूत ठेवण्यात त्यांचा काय उपयोग होता, हे त्यात आहे. या तिघांत मला तांबे यांचं पुस्तक बंदराच्या सगळ्यात जवळचं वाटतं. चंदावरकर वाचताना एक लक्षात ठेवा, त्यांची नजर गिरणगावावर आहे. गोदी कामगार येतो, पण पाहुण्यासारखा.

शिपाई मात्र यांच्यापैकी कोणालाच नीटसा सापडलेला नाही. मुंबई पोलिसांतले शिपाई मोठ्या संख्येने कोकणातले, त्यातही रत्नागिरी जिल्ह्यातले. गिरणीतले कामगारही तिथलेच. १९०८ च्या जुलैत टिळकांना शिक्षा झाली, गिरण्या सहा दिवस बंद पडल्या, रस्त्यावर दगड आणि गोळ्या चालल्या. तेव्हा दंडुका धरलेला आणि दगड धरलेला हे दोघे एकाच तालुक्यातले, कदाचित एकाच वाडीतले असू शकतात. दोघेही भाड्याच्या खोल्यांत राहत, दोघांची मनिऑर्डर एकाच पोस्टात जात असेल. एडवर्ड्ससाठी हा शिस्तीचा आणि घरबांधणीचा प्रश्न आहे, शिपायांना वेगळी क्वार्टर्स हवीत एवढाच. पण वेगळी का हवीत, याचं उत्तर त्या मागणीतच आहे.

इथे काम करायला जागा आहे आणि मराठी येणाऱ्यालाच ते करता येईल. काळाघोड्याच्या राज्य दप्तरखान्यात न्याय खात्याचे खंड आहेत. त्यात बडतर्फी, पेन्शन, रजा, दंड यांचे कागद शोधा, कारण शिपाई तक्रार करतो तेव्हाच तो दप्तरात बोलतो. 'इंदुप्रकाश', 'दीनबंधू' यांचे मूळ अंक पाहा. देशी वृत्तपत्रांचे सरकारने केलेले साप्ताहिक इंग्रजी सारांश सोयीचे असतात, पण त्यात सरकारला महत्त्वाचं वाटलं तेवढंच उरतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या घरांत जुनी पोलीस पेन्शनची बुकं, पत्रं अजून ट्रंकांत असतात. गावी जाल तेव्हा विचारा: आमच्या वाडीतलं कोण कोण मुंबईला पोलिसात होतं, आणि त्याच घरातलं कोण गिरणीत किंवा गोदीत?